दगडातून निघालेला वायू दगडात परत जाऊ द्या: काँक्रीटची मानकं आणि निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

काँक्रीटची मानकं ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य, स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि निविदेतली तांत्रिक कलमं लिहिणारे अभियंते, अशा तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहिते आहे. सिमेंट कारखानदारांना न लिहिता तुम्हाला लिहिते, याला कारण आहे. भट्टीत काय जळावं हे कारखाना ठरवतो. पण पुलाच्या खांबात, फुटपाथच्या पेव्हरमध्ये, भिंतीच्या ब्लॉकमध्ये कोणतं काँक्रीट जायचं, हे तुमच्या लेखणीतून उतरलेल्या चार ओळी ठरवतात. मला बोलायचं आहे ते त्या चार ओळींबद्दल.

मी साहित्य चाचणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेले काँक्रीटचे घनाकार नमुने, फोडणं चालू असतं, पण काँक्रीट मला खऱ्या अर्थानं कळलं ते कोअर बघून. जुन्या बांधकामातून भोक पाडून काढलेला कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल, यंत्राखाली आडवा ठेवून फोडायचा, धूळ झटकायची आणि ताज्या फुटलेल्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलीनचा, म्हणजे चुन्यासारख्या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या द्रावणाचा, फवारा मारायचा. बघता बघता आतला भाग गडद गुलाबी होतो. बाहेरच्या कडेला मात्र एक पट्टी राखाडीच राहते, कधी पाच मिलिमीटर, कधी पंचवीस. पट्टीची रेषा सरळ नसते. खडीला वळसा घालून जाते, भेग असेल तिथे जिभेसारखी आत शिरते. ती मोजायची, आकडा वहीत लिहायचा, सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, किती आहे ते बघायचं. रेषा सळईपाशी पोचली असेल तर अहवालात धोक्याचा शेरा मारायचा.

कितीतरी वर्षं मी त्या पट्टीकडे रोग म्हणूनच पाहिलं. तुम्हीही तसंच पाहत असाल, कारण आपल्या सगळ्यांना तसंच शिकवलं आहे. ती पट्टी म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा दगड झाल्याची खूण आहे, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्याचा अर्थ मला उशिरा उमगला.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारल्याचं आठवत असेल. निवळी दुधाळ होते. ते दूध म्हणजे आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला चुना यांचं मिळून झालेलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचेच बारीक कण. काँक्रीटमध्ये हीच गोष्ट अतिशय सावकाश घडते. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की चुना मोकळा होतो, छिद्रांतून आत आलेला वायू त्याला गाठतो आणि दोघांची चुनखडी होते. चुन्याचे जुने गिलावे असेच हवेतला वायू पिऊन घट्ट होत आले.

आता हा चुना आला कुठून तेही बघू. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. सिमेंटच्या भट्टीत एक टन क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळले की सिमेंट होतं) सुमारे अर्धा टन वायू असा नुसत्या दगडातून सुटतो. क्लिंकर तयार व्हायला १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी जाळलेल्या इंधनाचा वायू वेगळा. म्हणजे उद्या भट्टी वाऱ्याच्या विजेवर चालवली काय किंवा हायड्रोजनवर चालवली काय, चुनखडी भाजायची असेल तर तो अर्धा टन सुटणारच. जगात दरवर्षी ४ अब्ज टनांच्या घरात सिमेंट तयार होतं, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे.

दगडातून निघालेला वायू पुन्हा दगडात शिरू पाहतो, ही रसायनाची ओढच आहे. त्याला वरून ऊर्जा पुरवावी लागत नाही, उलट ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. आणि एकदा कार्बोनेट झालं की ते टिकतं. झाड जळतं, कुजतं. कॅल्शियम कार्बोनेटमधला वायू परत मोकळा करायचा तर आम्ल ओतावं लागतं किंवा पुन्हा भट्टीचा जाळ लावावा लागतो. इमारत पाडली, राडारोडा केला, तो रस्त्याखाली भरला, तरी वायू आतच राहतो. साठवणुकीची इतकी भरवशाची जागा आपण रोज आपल्या हातांनी बांधतो आहोत आणि तिचा हिशोब मात्र कुठल्याच कागदावर ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे आपोआप किती घडतं याचा अंदाज २०१६ साली 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. १९३० ते २०१३ या काळात जगभरच्या सिमेंटच्या वस्तूंनी हवेतून सुमारे ४.५ अब्ज टन कार्बन परत घेतला. चुनखडी भाजताना त्याच काळात जेवढा सुटला होता त्याच्या ४३ टक्के. त्यातला सर्वांत मोठा वाटा गिलावा, विटांची जुडाई यांच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा निघाला, कारण त्याचे थर पातळ असतात आणि हवा आरपार पोचते. जाड स्लॅब किंवा पाया मात्र दशकानुदशकं आतून गुलाबीच राहतो. कार्बोनेशनची, म्हणजे चुन्याची अशी चुनखडी होण्याची, खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या वर्षी पाच मिलिमीटर गेली, तर दहा व्हायला चार वर्षं आणि वीस व्हायला सोळा.

या ४३ टक्क्यांवर विसंबून 'काँक्रीट आपलं आपण फेडतं' असं म्हणणारे मला भेटले आहेत. ते बरोबर नाही. हा आकडा फक्त दगडातून सुटलेल्या वायूच्या तुलनेतला आहे, इंधनाचा वायू त्यात धरलेलाच नाही. शिवाय वायू सुटतो एका दुपारी आणि परत येतो पन्नास-साठ वर्षांत. मधल्या काळात तो हवेत राहून पृथ्वी तापवत राहतो. म्हणून प्रश्न उरतो तो वेगाचा आणि जागेचा: वायू लवकर आत कसा न्यायचा, आणि सळईला धक्का न लावता कुठे न्यायचा.

तुमची पहिली हरकत सळईचीच असणार, आणि ती रास्त आहे. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो तोवर सळईवर एक अदृश्य संरक्षक थर टिकून राहतो. कार्बोनेशन झालं की पीएच नऊच्या खाली उतरतो, थर जातो, ओलावा आणि हवा मिळाली की गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि कव्हर उडवून देतं. असे उडालेले तुकडे मीही हातात घेतले आहेत. घट्ट झालेल्या आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) मुद्दाम वायू घुसवा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये ठेवण्याचे आज जे मार्ग आहेत, त्यातल्या कुठल्याच मार्गाला सळईशी असा खेळ करावा लागत नाही. ते मार्ग एकमेकांपासून फार वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळे आपल्या बैठकांत अर्धा वेळ गैरसमजात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला मार्ग मिक्सरमधला. काँक्रीट कालवतानाच त्यात थोडासा कार्बन डायऑक्साइड सोडतात. कॅनडातल्या कार्बनक्युअर कंपनीनं ही पद्धत आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटमध्ये रुळवली. सिमेंटमधून नुकताच सुटू लागलेला कॅल्शियम वायूला धरतो, अतिसूक्ष्म कार्बोनेटचे कण तयार होतात, आणि त्या कणांच्या आधारानं पुढचं हायड्रेशन (सिमेंटची पाण्याशी होणारी क्रिया) चांगलं होऊन ताकद थोडी वाढते. वायूची मात्रा इतकी कमी असते की चुन्याचा साठा जवळपास तसाच राहतो, पीएच उतरत नाही, सळई सुरक्षित राहते.

इथे कृपया कागद-पेन्सिल घ्या. एका घनमीटरमध्ये ३०० किलो सिमेंट धरू. वायूची मात्रा सिमेंटच्या वजनाच्या ०.२ टक्के धरू. म्हणजे आत गेला ०.६ किलो वायू. तोही सगळा दगड झाला असं मानू. आता ताकद वाढली म्हणून सिमेंट पाच टक्क्यांनी कमी केलं, तर वाचलं १५ किलो सिमेंट. एक किलो सिमेंटमागे साधारण ०.८ किलो वायू धरला, तर न सुटलेला वायू झाला १२ किलो. आत कोंडलेल्या वायूच्या वीसपट! या पद्धतीचा खरा फायदा वाचलेल्या सिमेंटमध्ये आहे, कोंडलेल्या वायूत फार थोडा आहे. आणि सिमेंट कमी करायची परवानगी कोण देतं? तुम्ही. निविदेत 'एका घनमीटरला किमान इतकं सिमेंट' असं कलम असेल तर बारा किलो गेले, हाती उरतो अर्धा-पाऊण किलो. टाकी, नळ्या, वायूची वाहतूक, सगळा खटाटोप अर्ध्या-पाऊण किलोसाठी.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका कामाचे क्यूब आमच्याकडे येत होते. नाव घेणं इथे गरजेचं नाही. अठ्ठावीस दिवसांची ताकद मागितली होती त्याच्या दीडपट निघत होती, तीही एका खेपेला नाही, महिनोन् महिने. प्लांटच्या क्वालिटी इंजिनिअरनं सिमेंट कमी करायची रीतसर परवानगी मागितली, ट्रायल मिक्सचे निकाल जोडले. उत्तर आलं की कलमात किमान सिमेंट दिलेलं आहे, बदल करता येणार नाही. काम संपेपर्यंत ते जादा सिमेंट पडत राहिलं. क्यूब फुटताना यंत्राचा काटा पुढे पुढे जायचा आणि मला त्या प्रत्येक जादा किलोन्यूटनमागचा धूर दिसायचा. परवानगी नाकारणाऱ्यानं काही वावगं केलं, असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यात दुसरं उत्तर लिहिण्याची सोयच नव्हती.

किमान सिमेंटचं कलम टिकाऊपणासाठी आलं, हे मला मान्य आहे. साइटवर पाणी बेसुमार पडायचं, मोजमाप धड नसायचं, तेव्हा सिमेंट थोडं जास्त ठेवणं हाच विमा होता. युरोपच्या ईएन २०६ या काँक्रीटच्या मानकातल्या शिफारशींच्या तक्त्यातही परिसराच्या वर्गाप्रमाणे किमान सिमेंट दिलेलं असतं. पण आज आपण पारगम्यता (काँक्रीटमधून पाणी-वायू किती सहज झिरपतात ते) मोजू शकतो, सळई गंजवणाऱ्या क्लोराइडचा शिरकाव मोजू शकतो, कार्बोनेशनची खोली तर मी रोज मोजते. टिकाऊपणा थेट मोजता येत असेल तर सिमेंटचे किलो मोजून त्याचा अंदाज बांधायचा कशाला? अमेरिकेत एएसटीएम या मानक संस्थेचं सी१५० हे घटकांवर बोट ठेवणारं सिमेंटचं मानक आहे, तसंच सी११५७ हे केवळ कामगिरी तपासणारं मानकही १९९० च्या दशकापासून आहे. म्हणजे वाट आहे, ती लिहिली गेलेली आहे. निविदा लिहिताना बहुतेकांचा हात सवयीनं जुन्याच वाटेकडे जातो.

दुसरा मार्ग क्युरिंगचा, म्हणजे ओतलेलं काँक्रीट घट्ट होऊ देण्याचा, आणि माझा जीव यात जास्त आहे. पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, भिंतीचे ब्लॉक, या वस्तूंत बहुधा सळई नसतेच. साच्यातून काढून त्यांना पाणी मारण्याऐवजी बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचं. वायूनं सिमेंट घट्ट होतं हे १९७० च्या दशकातल्या संशोधनात दिसून आलं होतं. त्यात एक बारकावा आहे. ब्लॉक ओलागच्च असेल तर छिद्रं पाण्यानं भरलेली असतात आणि पाण्यातून वायू हवेच्या तुलनेत हजारो पटींनी हळू सरकतो. ठणठणीत कोरडा असेल तर क्रियाच होत नाही, कारण वायूला विरघळायला थोडं तरी पाणी हवं. म्हणून ब्लॉक आधी अर्धवट सुकवून घेतात. अशा क्युरिंगनंतर काही तासांतच ब्लॉक हाताळण्याजोगा होतो. कोरडा-ओला यांचा तो मधला बिंदू साधणं हे ब्लॉक ओतणाऱ्या कारागिराच्या हातचं कसब आहे, ते नुसतं यंत्र आणून येत नाही.

याच मार्गावर काही सिमेंट मुळातच वेगळी आहेत. डायकॅल्शियम सिलिकेट या सिमेंटमधल्या संयुगाचा गॅमा नावाचा प्रकार पाण्याला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून सिमेंटवाल्यांना तो नकोसा वाटतो. पण वायू मिळाला की तोच दगडासारखा होतो. जपानमध्ये काजिमा कंपनीनं इतरांच्या साथीनं हा प्रकार वापरून सीओटू-सुइकॉम नावाचं काँक्रीट केलं. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं सॉलिडियाचं सिमेंट कमी चुनखडीचं आहे आणि तेही पाण्याऐवजी वायूनं घट्ट होतं. बेल्जियममध्ये पोलाद कारखान्याच्या स्लॅगचे (धातू वितळवताना उरणाऱ्या मळीचे) ब्लॉक सिमेंटशिवाय, केवळ कार्बोनेशननं तयार केले गेले. या वस्तू प्रत्यक्षात आहेत, त्यांच्यावरून माणसं चालतात. पण तुमच्या कलमात 'पोर्टलंड सिमेंटचे, अमुक दिवस पाण्यानं क्युरिंग केलेले ब्लॉक' असं लिहिलेलं असेल, तर असा ब्लॉक ताकदीत, झिजेत, पाणी शोषण्यात कितीही उत्तम ठरला तरी दारातूनच परत जातो.

तिसरा मार्ग खडीचा. काँक्रीटच्या आकारमानाचा साठ ते ऐंशी टक्के भाग खडी आणि वाळूनं व्यापलेला असतो आणि आपलं सगळं बोलणं मात्र सिमेंटभोवती फिरतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. समजा कुठून तरी कॅल्शियम मिळाला, त्यावर वायू बसवून कृत्रिम खडी केली. एका घनमीटरमध्ये सुमारे १,८०० किलो खडी-वाळू असते, त्यातला दहावा भाग ही खडी घातली. १८० किलो खडीत जवळपास ८० किलो वायू बसला. मिक्सरमधल्या ०.६ किलोशेजारी हा आकडा ठेवून पाहा. शिवाय वायू खडीत आधीच बंदिस्त झालेला असल्यामुळे भोवतालच्या सिमेंटच्या पीएचला त्याचा त्रास नाही, सळई निर्धास्त राहते.

जानेवारी २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठ (डेव्हिस) आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हाच हिशोब जगाच्या मापानं मांडला. काँक्रीट, वीट, डांबर, प्लास्टिक, लाकूड या सगळ्यांच्या जागी कार्बन साठवणारे पर्याय वापरले, तर वर्षाला १६ अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. २०२१ साली माणसानं जेवढा हवेत सोडला त्याच्या निम्म्याच्या आसपास. किलोला किलो तुलना केली तर वनस्पतिजन्य प्लास्टिक सर्वांत जास्त कार्बन धरतं, पण एकूण बेरजेत सर्वांत मोठी शक्यता काँक्रीटच्या खडीत निघाली, कारण काँक्रीट वर्षाला २० अब्ज टनांहून जास्त ओतलं जातं. नुसत्या दहा टक्के खडीनं एक अब्ज टन वायू सामावू शकतो, असं त्यांचं गणित आहे. हे 'सगळं बदललं तर' या गृहीतकावरचं गणित आहे, हे विसरून चालणार नाही. पण ते वाचल्यावर खडीच्या ढिगाकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

यात एक मेख आहे आणि तुमच्यासारख्यांनीच ती धरून ठेवायला हवी. कॅल्शियम आणायचा कुठून? चुनखडी भाजून आणला तर जेवढा सुटला तेवढाच परत बसवला, हाती शून्य. म्हणून तो स्लॅगमधून, राखेतून, बेसॉल्टसारख्या सिलिकेट खडकांतून, नाही तर पाडलेल्या काँक्रीटमधून यायला हवा. खडी विकणारा 'कार्बन साठवणारी' असं म्हणत आला की पहिला प्रश्न हाच विचारा.

पाडलेल्या काँक्रीटबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण यात खर्च कमी आणि हयगय जास्त आहे. जुना खांब क्रशरमध्ये गेला की आतला गुलाबी भाग उघडा पडतो. साठ वर्षांत वायूला जिथे पोचता आलं नव्हतं तिथे तो आता काही दिवसांत पोचू शकतो. विशेषतः बारीक चुरा वायू भराभर घेतो, कारण सिमेंटचा जुना लगदा त्यातच जास्त असतो. आपण काय करतो? चाळून झाल्या झाल्या तो रस्त्याखाली किंवा भरावात दाबून टाकतो, वर माती, आत ओल, हवा बंद. तोच माल आडोशाला पातळ थरात पसरून काही आठवडे हवेत ठेवला, अधूनमधून परतला, तरी वायू फुकट आत जातो. यंत्रानं करायचं तर तेही होतं. ईटीएच झुरिकमधून निघालेली स्वित्झर्लंडची न्यूस्टार्क कंपनी बायोगॅस प्रकल्पातला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात आणून काँक्रीटच्या चुरीत बसवते आणि ती चुरी पुन्हा काँक्रीटमध्ये किंवा रस्त्यात जाते. पाडकामाच्या निविदेत 'राडारोड्याची विल्हेवाट' हे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो, त्यापुढे एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

आता ज्या गोष्टीमुळे मी बरेच दिवस हे पत्र लिहायचं टाळत होते, तिच्याकडे येते. या क्षेत्रात दाव्यांना तोटा नाही. २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास आला. वायू वापरून कालवलेल्या किंवा क्युरिंग केलेल्या काँक्रीटच्या ९९ नोंदी तपासल्या, आणि वायू कुठून आणला त्याप्रमाणे त्यातल्या ५६ ते ६८ नोंदींमध्ये हे काँक्रीट नेहमीच्या काँक्रीटपेक्षा एकूण जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारं निघालं. निम्म्याहून जास्त! कारणं समजण्यासारखी आहेत. क्युरिंगच्या खोलीला वीज लागते, वायू पकडायला, दाबायला, वाहून न्यायला ऊर्जा लागते, आणि काही मिश्रणांत ताकद उलट घटली म्हणून सिमेंट वाढवावं लागलं. हा अभ्यास वाचून काही जणांनी सगळ्या विषयावरच काट मारली. मला त्यातून उलटंच दिसलं. उरलेल्या नोंदींत फायदा आहे, आणि फायदा कुठे आहे, तोटा कुठे आहे, हे आधी हिशोब मागितला तरच कळतं. हिशोब मागायचा अधिकार तुमच्या हातात आहे.

तो मागताना वायूचं मूळ विचारा. कोळशाच्या धुराड्यातून पकडलेला वायू दगडात बसवला तर हवेत जाणारा थांबला, चांगलं झालं, पण हवेतला कमी झाला नाही. बायोगॅस, किण्वन किंवा थेट हवेतून आलेला असेल तर हवेतला खरोखर कमी झाला. एकाच टनाचं श्रेय धुराडेवाला आणि ब्लॉकवाला दोघंही घेताहेत का, तेही बघा. आणि एक बारीक गोष्ट बहुतेक अहवालांत राहून जाते: तो ब्लॉक पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हवेतून आपोआप जो वायू घेणारच होता, तो साठवणुकीच्या आकड्यातून वजा केला का? पातळ, सच्छिद्र ब्लॉक तसाही बराच वायू घेतो. त्याला तोच वायू आज दिला तर लवकर दिल्याचा लाभ आहे, पण तो लाभ पूर्ण साठवणूक म्हणून मोजता येणार नाही.

मिश्रणात स्लॅग किंवा फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख) असेल तर ताकद अठ्ठावीस दिवसांनंतरही चांगली वाढत राहते, म्हणून जिथे घाई नाही अशा इमारतीच्या पायात, जाड राफ्टमध्ये (पायाच्या सलग स्लॅबमध्ये) ५६ किंवा ९० दिवसांची ताकद धरा, एवढं जाता जाता सांगते. यावर आधीच पुष्कळ लिहून झालं आहे.

माझी मागणी मोठी नाही. सगळी मानकं एका रात्रीत बदला, असं मी म्हणत नाही. वायूवर घट्ट झालेले ब्लॉक वीस मजली इमारतीच्या स्तंभात घाला, असंही नाही. सळई नसलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. फुटपाथ, कुंपणाच्या भिंती, गटाराच्या कडा, बागेतल्या वाटा. यातलं काही बिघडलं तर ब्लॉक उचलून बदलता येतो, कुणाच्या डोक्यावर काही कोसळत नाही. तिथे पाच-सात वर्षांचा अनुभव गाठीशी आला की पुढच्या पायरीचं बोलू.

नमुन्यादाखल कलमाचा मसुदा देते. तुमच्या भाषेत बसवून घ्या: 'ब्लॉक कोणत्याही बंधकाचे (सिमेंट किंवा तत्सम जोडणाऱ्या द्रव्याचे) व कोणत्याही क्युरिंग पद्धतीचे चालतील. दाबशक्ती, झीज आणि पाणी शोषण या चाचण्यांत ते नेमून दिलेल्या मर्यादेत उतरले पाहिजेत. पुरवठादाराने एका घनमीटरमागे सुटलेला व साठवलेला कार्बन डायऑक्साइड, साठवलेल्या वायूचे मूळ, कॅल्शियमचा स्रोत आणि वीज व वाहतुकीचा वाटा स्वतंत्र तपासणीसह सादर करावा. ताकद व टिकाऊपणा सिद्ध होत असल्यास किमान सिमेंटची अट लागू राहणार नाही.' आणि पाडकामासाठी: 'दळलेले काँक्रीट वापरापूर्वी ठरलेला काळ हवेत उघडे ठेवावे किंवा त्यावर कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया करावी. भरावात टाकण्यापूर्वी नमुन्याची फिनॉल्फ्थॅलीन चाचणी करावी.'

या शेवटच्या चाचणीला दहा मिनिटं लागतात. चुऱ्यातले चार तुकडे फोडायचे, फवारा मारायचा, आणि गुलाबी अजून किती उरलं आहे ते बघायचं. तुमच्यापैकी कुणी आपल्या पुढच्या निविदेत यातली एक ओळ जरी घातली, तर त्या कामाचे नमुने तपासायला मी स्वतः उभी राहीन, आणि निकाल बरे येवोत की वाईट, जसे येतील तसेच तुमच्या समितीपुढे ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
काँक्रीट चाचणी प्रयोगशाळेतली एक अभियंता